मदत हवी आहे: स्टॅटिनसोबत वनस्पतिजन्य सप्लिमेंट चालतं का?

बाबांची अँजिओप्लास्टी झाली आहे. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, तरी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) हवं तेवढं उतरत नाहीये. डोस वाढवायला ते तयार नाहीत, "झाडपाल्यातलं काही असेल तर बघ" म्हणतात.

मला त्यातल्या त्यात प्लांट स्टेरॉल (वनस्पतींमधला कोलेस्टेरॉलसारखा घटक) पटतंय. ते आतड्यात कोलेस्टेरॉलचं शोषण अडवतं, रोज साधारण २ ग्रॅम घेतलं तर एलडीएल ८ ते १० टक्क्यांनी कमी होऊ शकतं. स्टॅटिन यकृतात काम करतं, म्हणजे दोघांची वाट वेगळी. पण रिपोर्टमधला आकडा उतरला म्हणून अटॅक टळेलच असं नाही, हेही कळतंय.

रेड यीस्ट राइस (लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाचं सप्लिमेंट) मात्र मी बाजूला ठेवलंय. डबीवर ठळक अक्षरांत 'नैसर्गिक' लिहिलंय खरं, पण त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. आधीच्या स्टॅटिनवर आणखी एक स्टॅटिन! स्नायू आणि यकृत दोन्हींची काळजी वाटते. घरी कोणी घेत असेल तर कृपया डॉक्टरांना सांगा.

स्टॅटिनसोबत स्टेरॉल घेऊन कोणाच्या लिपिड प्रोफाइलमध्ये खरंच फरक पडला का? किती दिवसांनी तपासणी केलीत? शेवाळापासूनचं ओमेगा-३ रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत कोणाला डॉक्टरांनी दिलंय का? मोठ्या डोसच्या ओमेगा-३ने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून विचारतेय. इथे कोणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असतील तर जरूर लिहा. कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय काहीही सुरू करणार नाही, फक्त त्यांना नेमकं काय विचारायचं ते ठरवायचंय.