मागच्या डिफरन्शिअलमधून तेल पाझरतंय – नुसतं सील बदलून भागेल का?

पाना१७
१९९७ ची डिझेल जीप. रात्रभर उभी राहिली की मागच्या डिफरन्शिअलखाली (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीखाली) रुपयाएवढा डाग पडतो. पिनियनच्या (इंजिनाचा जोर डिफरन्शिअलमध्ये आणणाऱ्या गिअरच्या) नाकावर तेलात कालवलेली काळी माती साचलेली असते. महिन्याला साधारण १०० मिली तेल घालावं लागतं. चालताना आवाज नाही, ब्रेक व्यवस्थित. पिनियनचं सील वर्षभरापूर्वीच नवीन टाकलेलं आहे. गॅरेजवाले म्हणतात, पुन्हा सील टाकू आणि नट एअर गनने आवळून देऊ, तासाभराचं काम. टाकू का?

घाटउतार
आधी ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक बघा. हाउसिंगच्या (बाहेरच्या लोखंडी कवचाच्या) नळीवर, वरच्या अंगाला बोंडासारखी टोपी असते, ती. चिखलाने बुजली असेल तर गाडी तापल्यावर आतली हवा फुगते आणि सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलते. अशा वेळी कितीही भारी सील टाका, पाझर येणारच. टोपी काढून रॉकेलात धुवा, हवा मारा, तोंडाने फुंकून आरपार जाते का ते बघा.

मग लेव्हल. गाडी सपाटीवर आणि थंड हवी. भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला तेल टेकलं की बस. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून गाडीचं एक टोक उचलून भरणारे असतात. ते जास्तीचं तेल सीलवाटे बाहेर येतं.

त्यानंतर हाउसिंग डिझेल आणि ब्रशने लख्ख धुऊन वाळवा, पिनियनभोवती आणि मागच्या झाकणाच्या कडेला टाल्कम पावडर उडवा आणि २५-३० किलोमीटर फिरवून आणा. पावडर जिथे आधी ओली होईल, तिथे गळती. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलचं तेलही वाऱ्याने मागे येऊन पिनियनवर बसतं, बिचाऱ्या डिफरन्शिअलवर उगाच आळ. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर मात्र अ‍ॅक्सलचं सील गेलंय. मग ब्रेकचा ड्रम उघडाच. तेल प्यायलेले लायनर धुऊन सुधारत नाहीत, दोन्ही बाजूंचे बदलावे लागतात.

ग्रीसनिपल
ब्रीदर ठीक निघाला आणि पिनियनच गळत असेल, तर एअर गनला हात लावू देऊ नका. तो नट फक्त फ्लेंज (शाफ्ट जोडायची चकती) धरून ठेवत नाही, पिनियनच्या बेअरिंगचा दाबही त्याच्यावरच ठरतो. गनने जास्त आवळला की बेअरिंग तापतं आणि काही दिवसांत घूंऽऽ सुरू होतं.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावा. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (तिथून मागे येणारा फिरता दांडा) सुटताच हँडब्रेक गेला, हे लोक विसरतात. मागचा अ‍ॅक्सल घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, चाकं आणि ड्रम काढा, म्हणजे ब्रेकची घासण मापात येणार नाही.

शाफ्ट सोडण्याआधी त्यावर आणि फ्लेंजवर खुणा करा. नट आणि पिनियनच्या टोकावर सेंटर पंचाने एकेक ठिपका, नटाबाहेर किती आटे दिसतात तेही लिहून ठेवा. आता फ्लेंजला दोरी गुंडाळा आणि स्प्रिंगच्या काट्याने सावकाश ओढा. सुरुवातीचा झटका सोडा, फिरत असतानाचा आकडा घ्या. तो ३ किलो आला आणि फ्लेंजची त्रिज्या ५ सेंमी असेल, तर फिरवायला सुमारे १.५ न्यूटन-मीटर लागतात. काम संपल्यावर काटा तिथेच किंवा फार तर किलोभर वर हवा. काही उघडण्याआधी फ्लेंज वर-खाली हलवूनही बघा. खेळ लागला तर बेअरिंग गेलंय आणि नवं सीलही टिकणार नाही.

वर्षभरात सील गेलं म्हणजे मला फ्लेंजचा संशय येतो. सील जिथे टेकतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय. पॉलिश पेपरने ती जात नाही. फ्लेंज बदला, नाहीतर त्या मापाची पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. जागा असेल तर सील १-२ मिमी कमी ठोकून ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आणता येतो.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत. स्प्रिंगमागे थोडं ग्रीस भरा, नाहीतर ठोकताना ती उडते. ओठाला गिअर ऑईल लावा. सीलच्या बाहेरच्या कडेवर बसेल असा पाइपचा तुकडा घेऊन सगळीकडून सारखं ठोका. फ्लेंजच्या आतल्या दात्यांना (स्प्लाइनना) आणि वॉशरखाली सिलिकॉनचा पातळ हात द्या. तेल तिथूनही झिरपतं आणि नाव सीलचं होतं. जुना नट ठिपके जुळेपर्यंत आवळा. नवा वापरणार असाल तर ठिपका जुळणार नाही, काट्यावरच विसंबा.

पाना१७
धन्यवाद. बेअरिंगचा दाब ठरवायला आत शिम (पातळ चकत्या) आहेत की दाबली जाणारी स्लीव्ह (नळी), हे बाहेरून कसं कळणार?

ग्रीसनिपल
बाहेरून नाही कळत. सील काढल्यावर तेल उडवणारी चकती, तिच्यामागे पुढचं बेअरिंग आणि त्यामागे एकतर शिमा नाहीतर फुगीर पोटाची नळी. शिमा असल्या तर त्याच क्रमाने परत घाला, एकही हरवू नका. मग नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळायचा. नळी असेल आणि काटा जास्त दाखवू लागला, तर नट ढिला करून दुरुस्त होत नाही. दबलेली नळी परत फुगत नाही, नवीच टाकावी लागते.

घाटउतार
तेल काढताना भरायचा प्लग आधी सोडा. तोच गंजून अडकलेला निघाला तर रिकामं डिफरन्शिअल घेऊन बसाल. खालच्या प्लगवर करडी बारीक पेस्ट चालते, कपच्या नाहीत. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय: गरम अ‍ॅक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि पाणी खेचून घेते. पावसात कोकणाकडे जाणार असाल तर ब्रीदरला रबरी नळी जोडून तोंड वर चॅसीला बांधा.

तेल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० जाडीचं, भोकातून सांडेपर्यंत. उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नका, बऱ्याच जुन्या बॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर काही दिवस फुगवतात, खाच भरत नाहीत.