पऱ्हाटीचा पांढरा कोळसा युरोपच्या हिशेबात खरंच ‘शून्य’ धरतात का?

तापीकाठ (चोपडा):
राम राम मंडळी. पऱ्हाटीपासून (कापूस वेचल्यावर उरलेल्या काड्यांपासून) पांढरा कोळसा, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या (ब्रिकेट), करायचं युनिट टाकायचा विचार चालू आहे. मशीन विकणारे सांगतात, युरोपात लाकूड जाळलं तर कार्बन शून्य धरतात, म्हणून आपल्या मालालाही तोच मान. आता धूर तर निघतोच, मग शून्य कसं? आणि तो नियम पऱ्हाटीला लागतो का? जाणकारांनी सांगावं.

उष्मांक (भुसावळ):
शून्य फक्त वहीत आहे, चिमणीत नाही. एक गिगाज्यूल उष्णतेला लाकडातून ११२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, दगडी कोळशातून सुमारे ९५ आणि नैसर्गिक वायूतून ५६. ३५ टक्के कार्यक्षमतेच्या वीजकेंद्रात विजेच्या एका युनिटमागे लाकडाचे साधारण ११५० ग्रॅम होतात, कोळशाचे ९७०. म्हणजे त्या क्षणी लाकूड कोळशापेक्षा वाईटच.

मग शून्य का? झाड तोडलं की त्यातला कार्बन जंगलाच्या खात्यात वजा होतो. तोच परत चिमणीवर मांडला तर दोनदा मोजला जाईल, म्हणून वीजकेंद्राने शून्य लिहायचं. हिशेब म्हणून यात खोट नाही. घोळ पुढे झाला. २००५ पासून युरोपच्या कार्बन बाजारात कोळशाला धुरातल्या कार्बनचे परवाने विकत घ्यावे लागतात, लाकडाला लागत नाहीत. २००९ च्या अक्षय ऊर्जेच्या निर्देशाने २०२० पर्यंत २० टक्क्यांचं लक्ष्य दिलं, वर देशोदेशींची अनुदानं. कोळशाची केंद्रं लाकडाच्या पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांवर) वळली, आणि पेलेट एस्टोनिया, लाटव्हिया, अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या जंगलांतून येऊ लागले. ज्या देशात लाकूड जळतं त्याच्या खात्यावर काहीच चढत नाही, आणि तोडलेल्या झाडाएवढं झाड पुन्हा व्हायला कित्येक दशकं लागतात. तोवर तो वायू हवेतच. शेकडो शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये युरोपीय संसदेला आणि २०२१ मध्ये युरोपच्या नेत्यांना पत्रं लिहून हेच बजावलं होतं. २०२३ च्या सुधारित निर्देशाने २०३० चं लक्ष्य ४२.५ टक्के केलं आणि फळ्या-प्लायवूडच्या प्रतीचे ओंडके, बुंधे, मुळं जाळायला थेट आर्थिक मदत बंद केली. शून्याची नोंद मात्र तशीच राहिली, आणि माझ्या मते दुखणं तिथंच आहे.

पऱ्हाटीचं तसं नाही. तिने कार्बन घेतला जून ते डिसेंबर, आणि बांधावर पेटवली असती तर उन्हाळ्यातच परत गेला असता. त्यामुळे इथं शून्य बरंचसं खरं आहे. तरी युरोपच्या २०१८ च्या निर्देशात शेतातल्या अवशेषांना एक अट आहे: मातीची प्रत आणि मातीतला कार्बन टिकवायची देखरेख किंवा व्यवस्थापन योजना दाखवावी लागते. विक्रेते ही अट सांगत नाहीत.

बॉयलरभाऊ (धुळे एमआयडीसी):
नियम बाजूला ठेवा, आधी ओलावा बघा. १० टक्के ओलाव्याच्या पऱ्हाटीत टनाला साधारण १५ गिगाज्यूल मिळतात, ४० टक्क्यांच्या ओल्या मालात नऊच, कारण टनात सुका मालच कमी भरतो आणि वर थोडी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. ब्रिकेट दाबणाऱ्या पिस्टन प्रेसला १० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. जास्त असला की डायमध्ये (साच्यात) वाफ कोंडते आणि ब्रिकेट बाहेर पडताना फुटते.

दुसरं, माती. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाशी काळ्या मातीची ढेकळं येतात. झटकून आणि कुट्टी गोल चाळणीतून काढल्याशिवाय प्रेसमध्ये घालू नका. नाहीतर रॅम (माल दाबणारा दट्ट्या) आणि डाय लवकर झिजतात, राख वाढते आणि राखेतल्या पालाशमुळे शेगडीवर काचेसारखा लगदा जमतो. तो सळईने फोडत बसावं लागतं.

डिझेलची भीती लोक उगाच घेतात. एक टन मालाच्या फेरीला १० लिटर धरलं तर २७ किलो कार्बन डायऑक्साइड, प्रेसच्या ६० युनिट विजेचे सुमारे ४२ किलो. त्या टनभर मालाएवढी उष्णता कोळशातून घेतली तर १४०० किलो. वाहतूक मारते ती पैशात. आख्ख्या पऱ्हाटीने ट्रॉली दिसायला भरते, वजन भरत नाही. म्हणून कुट्टी शेतातच करा.

काळीआई (अमळनेर):
एकरी ८ ते १२ क्विंटल सुकी पऱ्हाटी निघते. ती सगळी दरसाल उचलायची आणि शेणखत घालायचं नाही, असं चाललं तर पाच-सात वर्षांत जमीन घट्ट होते, सेंद्रिय कर्ब खाली येतो. दर तिसऱ्या वर्षी श्रेडरने बारीक करून रानातच गाडा, आणि खरेदीच्या करारात हे लिहूनच घ्या. युरोपची ती अट आपल्याकडे कोणी मागत नसली तरी पाळण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट. पऱ्हाटीचा ढीग बांधावर किंवा युनिटच्या आवारात पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसते आणि पावसानंतर पतंग होऊन भोवतालच्या नव्या कपाशीवर जाते. आख्खा माल मार्चअखेर कुट्टी झालाच पाहिजे. आवाराभोवती कामगंध सापळे लावा.

तापीकाठ:
आभार. दीपनगरच्या (भुसावळजवळच्या) कोळशाच्या वीजकेंद्राला माल देता येईल का?

बॉयलरभाऊ:
केंद्र सरकारच्या २०२३ च्या धोरणात कोळशाच्या वीजकेंद्रांना ५ टक्के, पुढे ७ टक्के जैवइंधन मिसळायला सांगितलं होतं. पण तिथं कोळसा दळून पीठ करून जाळतात, म्हणून पेलेट लागतात, ब्रिकेट चालत नाही. पेलेटचं मशीन वेगळं, कुट्टीही जास्त बारीक लागते. ब्रिकेटचं गिऱ्हाईक म्हणजे शेगडीचे बॉयलर: तेलगिरण्या, कापड प्रक्रिया, दूध प्रकल्प. मशीनचा आगाऊ पैसा देण्याआधी गिऱ्हाईक कोण ते ठरवा, आणि आपल्या पऱ्हाटीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन ओलावा, राख, उष्मांक आणि राख वितळायचं तापमान हे चारही आकडे हातात घ्या.