मदत हवी आहे: सामाईक रानातलं घायपात राखायचं तर नियम कसे करावेत?

नमस्कार मंडळी,

गडचिरोली, गोंदिया भागात ग्रामसभांबरोबर काम केलेलं कोणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मी पीएच.डी.च्या कामासाठी मेक्सिकोत, वाहाका राज्यातल्या मिश्तेका डोंगरांत राहते. इथल्या रानात अगेव्ह पोटॅटोरम, म्हणजे तोबाला, हे बुटकं, रुंद पानांचं घायपात येतं. आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या घायपाताला बुडातून पिल्लं फुटतात, त्यामुळे ते सहसा संपत नाही. तोबालाची सगळी भिस्त बियांवर. बरीच वर्षं वाढायचं, एकदाच दांडा काढून फुलायचं, बी टाकून मरायचं. घायपाताच्या गाभ्यापासून होणारी मेस्काल ही दारू गाळायला मात्र ते दांडा निघायच्या बेतात असतानाच तोडतात, कारण गाभ्यात साखर तेव्हाच भरलेली असते. म्हणजे तोडलेल्या प्रत्येक झाडाचं बी गेलं, आणि रात्री फुलांवर येणाऱ्या वटवाघळांचा मधही गेला.

प्रमाणित मेस्कालचं उत्पादन २०११ मध्ये १० लाख लिटरच्या आसपास होतं, २०२२ मध्ये ते १ कोटी ४० लाखांवर गेलं. त्यातलं बहुतेक लागवडीच्या एस्पादिन जातीचं. पण रानटी जातींना भाव जास्त, म्हणून बाहेरचे लोक रात्री ट्रक घेऊन डोंगरात शिरतात.

गाव हातावर हात धरून बसलेलं नाही. जमीन सामाईक आहे, निर्णय गावसभेत होतात आणि श्रमदान प्रत्येक घरावर बंधनकारक आहे. त्याला इथे तेकियो म्हणतात. बोंडं वाळली की बायका बी निवडायला बसतात: काळ्या, चपट्या बिया ठेवायच्या, पांढऱ्या पोचट टाकायच्या. बी एकाच झाडाचं नाही, वेगवेगळ्या उतारांवरच्या अनेक झाडांचं घेतात. रोपं गावच्या रोपवाटिकेत मोठी करून पावसाच्या तोंडावर झुडपांच्या सावलीत लावतात, उघड्यावर ती करपतात.

अडलंय ते पुढे. काही झाडं फुलायला सोडायची हे सभेत सगळ्यांना मान्य आहे. शेजारच्या गेरेरो राज्यात कुप्रेआता या घायपाताच्या दुसऱ्या जातीसाठी गावांनी असे नियम केलेत. वटवाघळांचे अभ्यासक रोद्रिगो मेदेयिन यांच्या पुढाकारातल्या योजनेत शेतकरी ५ टक्के झाडं फुलू देतात. पण तिथे शेताला एक मालक असतो. सामाईक रानात सोडलेलं झाड कोणाचं? आज मी सोडलं आणि उद्या दुसऱ्याने तोडलं तर? ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही त्याने का सोडावं? नियम सभाच करणार, मला फक्त दुसरीकडचे अनुभव तिच्यापुढे ठेवायचे आहेत.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली, एवढं वाचलंय. बांबूही एकदा फुलून मरतो, म्हणून तिकडचंच विचारते आहे. राखलेल्या भागाचं नुकसान कोण सोसतं? दंड खरंच वसूल होतो का? गस्तीला कोण जातं?

प्रतिसाद:

ताई, मी मेंढा-लेखाच्या शेजारच्या तालुक्यात ग्रामसभेचे हिशोब बघायचो, त्या अनुभवावरून सांगतो. झाड कोणाचं हा प्रश्न आमच्याकडे उठत नाही, कारण बांबूची तोडणी ज्याची त्याने करायचीच नाही. रानाचे भाग पाडले आहेत, यंदा कुठला तोडायचा ते सभा ठरवते, मजुरी तोडणाऱ्याला आणि विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात. राखलेल्या भागाचं नुकसान मग एका घरावर पडत नाही. गस्तीला घरटी पाळी असते. दंड गावातल्या माणसाकडून मिळतो, बाहेरच्याकडून क्वचितच. तिथे माल जप्त करण्याचा हक्क कागदावर असेल तरच जोर येतो, तो आधी बघा. मेंढा-लेखात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. वेळ लागतो, पण नियम मोडायला कोणी धजत नाही.

एक विचारतो: राखायच्या झाडावर खूण कोण करतं? आणि केव्हा?

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. खूण तोडणाराच करतो, तोडायला गेल्यावर. त्यामुळे खुणेची झाडं बहुतेक लहान आणि रोगट असतात. तोडणीच्या आधी सभेने चार माणसं पाठवून खुणा कराव्यात, हे येत्या बैठकीत मांडायला सांगते. आमच्या सभेच्या कागदांत जप्तीचा हक्क आहे का, तेही बघते. तुमच्या सभेच्या ठरावाचा नमुना मिळेल का? भाषांतर मी करीन.