फिटनेससाठी योग की साधनेसाठी? आधी ते ठरवा, मग क्लास शोधा

वक्रासन

योगाचा कुठला प्रकार सुरू करू असं कोणी विचारलं की दोनच उत्तरं येतात. एक म्हणजे "कुठलाही करा हो, सगळं एकच." आणि दुसरं, जरा भुवया उंचावून, "नुसती आसनं म्हणजे योग नव्हे." दोन्ही उत्तरांनी विचारणाऱ्याच्या पदरात काहीही पडत नाही.

सगळं एकच नाहीये. अष्टांग विन्यासाची पहिली मालिका नीट केली तर साधारण दीड तास जातो, दोन आसनांच्या मध्ये सतत उडी मारून मागे जायचं, चतुरंग (कोपरं वाकवून अंग जमिनीला समांतर धरायचं), वर, खाली, परत पुढे. खांदे, दंड, पोट यांचा खराखुरा व्यायाम होतो. अय्यंगार पद्धतीत घाम कमी, पण एकेका आसनात थांबायचं, पट्टा, वीट, खुर्ची घेऊन कोन नीट करायचा, ज्यांची पाठ किंवा गुडघे कुरकुरतात त्यांना हे मानवतं. शिवानंद परंपरेत ठरलेली बारा आसनं, मध्येमध्ये शवासन, शिवाय प्राणायाम आणि मंत्र. सत्यानंदांकडे योगनिद्रेवर, म्हणजे आडवं पडून सूचना ऐकत शरीर-मन सैल सोडण्यावर, भर. आणि तापवलेल्या खोलीतला तो सव्वीस आसनांचा प्रकार, तिथे अर्धा घाम खोलीचा असतो, तुमच्या मेहनतीचा नाही हे माझं वैयक्तिक मत.

माझं म्हणणं इतकंच की ज्याला फिटनेस पाहिजे त्याने उघडपणे फिटनेससाठी करावा, उगाच अध्यात्माचा मुलामा देऊ नये. आणि ज्याला साधना करायचीय त्याने हनुमानासन (दोन्ही पाय पुढे-मागे पूर्ण पसरणं) जमावं म्हणून वर्षं घालवू नयेत. पतंजलींच्या जवळपास दोनशे योगसूत्रांपैकी आसनावर थेट बोलणारी फक्त ३ आहेत, दुसऱ्या पादातली (अध्यायातली) ४६ ते ४८. म्हणजे मुक्कामाचं ठिकाण वेगळं असेल तर गाडीही वेगळी पकडा ना राव.

स्थिरसुख

सपशेल असहमत. ३ सूत्रांचा दाखला सगळेच देतात, पण हठयोगप्रदीपिका कोणी उघडत नाही. साधारण पंधराव्या शतकातला स्वात्मारामांचा ग्रंथ आहे. पहिल्याच उपदेशात सांगितलंय की आसनाने स्थैर्य, आरोग्य आणि अंगाला हलकेपणा येतो. म्हणजे तब्येतीसाठी आसन करणं हे काही कालपरवाचं फॅड नाही. आणि दुसऱ्या उपदेशात पुन्हा बजावलंय की हठाशिवाय, म्हणजे आसन-प्राणायामाशिवाय, राजयोग, म्हणजे ध्यान-समाधी, सिद्ध होत नाही आणि राजयोगाशिवाय हठ. तुम्ही जी दोन खाती पाडलीत ती मूळ ग्रंथात नाहीतच.

एक साधं त्रिकोणासन घ्या. फिटनेसवाला हात जमिनीला टेकवायच्या मागे असतो, टेकला की झालं. आता तेच आसन मागच्या पायाची बाहेरची कड दाबून धरून करा, पुढच्या मांडीचा स्नायू वर खेचलेला, हात जमिनीऐवजी विटेवर, छाती पुढे कलंडू न देता वरच्या दिशेने फिरवलेली, आणि थांबा. दहाव्या-बाराव्या श्वासाला कड सुटते, ती परत दाबली तर मान ताठ होते, मान सोडावी तर गुडघा ढिला पडतो. मन एका जागेवरून दुसऱ्या जागी पळतंय आणि तुम्ही त्याला परत परत आणताय. याला धारणेची, म्हणजे मन एका जागी धरण्याची, शिकवणी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तेच आसन, तीच मांडी, व्यायामही झाला.

डंबेलवाले

दोघांनाही नमस्कार, पण तिसरी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी ठेवून. फिटनेस हाच हेतू असेल तर योग ही पहिली निवड असूच नये.

व्यायामाची तीव्रता मेट या एककात मोजतात, निवांत बसलेल्या माणसाला जितकी ऊर्जा लागते तो एक मेट. तीनपासून पुढे मध्यम व्यायाम धरतात. साध्या हठयोगाला २०११ च्या प्रमाणित तक्त्यात २.५ दिले होते, सूर्यनमस्काराला ३.३, पॉवर योगाला ४. झपझप चालणंही चारच्या आसपासच येतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि वर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते, तर साध्या आसनांच्या क्लासने हृदयाचा कोटा भरत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आणि ताकदीचं म्हणाल तर दंडाने ढकलणं भरपूर आहे पण ओढणं कुठंय? चतुरंग, अधोमुख श्वानासन, मयूरासन, सगळीकडे जमीन ढकलायची. पुलअप किंवा रोइंगसारखं वजन स्वतःकडे ओढायचं आसन दाखवा एखादं. शिवाय वजन हळूहळू वाढवत न्यायची सोय नाही, शरीराचं वजन आहे तेवढंच.

तेव्हा पळा, वजनं उचला आणि योग मनासाठी ठेवा. वक्रासनांची विभागणी बरोबर आहे, फक्त त्यांनी योग चुकीच्या खात्यात टाकला.

वक्रासन

@डंबेलवाले, ओढण्याचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर नाही. पण फिटनेस म्हणजे फक्त दम आणि ताकद का? तोल, सांध्यांची हालचाल, पाठ, हे कुठल्या खात्यात? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या सूचना दिल्या त्यात औषधांच्या आधी करून बघायच्या उपायांमध्ये योग आहे. पन्नाशीनंतर मांडी घालून बसता येणं आणि हाताचा आधार न घेता उठता येणं हा फिटनेस नाही तर काय आहे, बायसेप्सचा घेर घेऊन काय करायचंय.

@स्थिरसुख, तुमचं त्रिकोणासन वाचून छान वाटलं, पण हे असं शिकवणारे किती आणि त्या दहाव्या श्वासापर्यंत टिकणारे किती? बाकीच्यांना ती धारणा वगैरे नसते, कधी एकदा "सोडा" म्हणतायत याची वाट असते.

स्थिरसुख

वाट बघतोय हे कळणं हीच सुरुवात आहे हो.

डंबेलवाले

मग स्क्वॉटच्या शेवटच्या रेपला मलाही समाधी लागते म्हणायची :)

मौनी

बराच वेळ नुसतं वाचत होतो. वक्रासन यांच्या निष्कर्षाशी सहमत आहे, कारणांशी नाही.

साधना करायला आलेल्याने आसनं कमी करावीत ती वेळ वाया जातो म्हणून नव्हे. शरीर सुधारायला लागलं की त्याचंच कौतुक सुरू होतं म्हणून. काल जमलं नाही ते आज जमलं, शेजारच्यापेक्षा आपलं पश्चिमोत्तानासन खोल आहे, आरशात खांदे दिसायला लागले, त्याचा फोटो. अहंकार कमी करायला निघालेला माणूस त्याला रोज खुराक घालतो आणि त्याला कळतही नाही.

उलट नुसतं बसून बघा. पाठ सरळ, डोळे मिटलेले, काही करायचं नाही. थोड्याच वेळात नाकाच्या शेंड्यावर खाज सुटते, हात आपसूक वर येतो. तो हात अर्ध्यात थांबवायचा. खाज वाढते, टोकाला जाते आणि मग आपोआप विरते. मग डाव्या पायाला मुंग्या. मग आठवतं की कोणाला तरी फोन करायचा होता. या सगळ्यात तुम्ही काही मिळवत नाही, कोणाला दाखवण्यासारखंही काही नसतं. हे आसनांच्या क्लासमध्ये होत नाही, तिथे पुढची सूचना येते आणि सुटका होते.

लवचिक_मुळीच_नाही

@मौनी, पण पतंजलींनी तर कायसंपत् म्हटलंय ना, विभूतिपादात, रूप, लावण्य, बळ आणि वज्रासारखी बळकट काया. म्हणजे त्यांनाही सिक्स पॅक वर्ज्य नव्हते :)

मौनी

त्याच पादात हेही सांगितलंय की सिद्धी समाधीच्या आड येतात. अर्धं वाचून कसं चालेल दादा.

जुनी_पोथी

इथे दोन्ही बाजू "परंपरा परंपरा" करतायत म्हणून थोडा इतिहास. हठयोगप्रदीपिकेत वर्णन केलेली आसनं मोजून १५ आहेत, त्यातलीही बरीचशी बसून करायची. घेरंडसंहिता या हठयोगाच्याच दुसऱ्या ग्रंथात ३२. आज क्लासमध्ये जो उभ्याच्या आसनांचा धबधबा चालतो तो बऱ्याच अंशी १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत घडला, कृष्णमाचार्य तिथे तरुण मुलांना शिकवत होते. अष्टांग विन्यासवाले पट्टाभि जोईस आणि अय्यंगार दोघेही त्यांचेच शिष्य, आणि एकाच गुरूकडून एकाने वेग उचलला, दुसऱ्याने थांबणं. साधारण त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार घाला म्हणून सांगत होते ते उघडउघड व्यायाम म्हणून, शाळेतल्या पोरांनाही.

त्यामुळे "आधुनिक लोकांनी योगाचा व्यायाम केला" हे रडगाणं आता पुरे. हे कोणा परदेशी स्टुडिओने केलेलं नाही, आपल्याच लोकांनी जाणूनबुजून केलंय. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते आसनं आणि क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून मोजायला. ते साधक नव्हते असं कोणी म्हणेल का?

आणि अय्यंगार गुरुजी योगाकडे आले तेच मुळी खंगलेल्या तब्येतीमुळे, लहानपणी क्षयापर्यंत सगळं भोगून झालं होतं. पुढे याच माणसाने पतंजलींवर भाष्य लिहिलं. आधी ठरवा मग निवडा असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी फिटनेसचा रकाना भरला असता आणि विषय संपला असता.

वक्रासन

अपवाद दाखवून नियम मोडत नाही. त्यांच्यासारखं आयुष्य घालवणारे किती?

जुनी_पोथी

अपवाद नाहीये, बहुतेक लोक असेच येतात. पाठदुखी घेऊन येतात, झोप लागत नाही म्हणून येतात. साधनेसाठी म्हणून पहिल्या दिवशी येणारे मी तरी फार पाहिले नाहीत, आणि जे येतात ते जास्त बोलतात.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तुमच्या वादाचे परिणाम माझ्याकडे येतात म्हणून चार ओळी.

विन्यासवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त खांदा. पहिली काही चतुरंग नीट होतात, मग दंड थकले की कोपरं बाहेर फाकतात, खांदे कोपरांच्या खाली लोंबायला लागतात आणि सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर. तरी लोक थांबत नाहीत कारण सगळा वर्ग चाललाय. गुडघे टेकून करायला लाज वाटते, का ते कळत नाही. दुसरं म्हणजे नितंबाच्या खाली बसायच्या हाडाजवळ दुखणं, तिथे मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा जोडलेला असतो, पुढे वाकायच्या आसनांत तो रोज ओढून ओढून चिडतो, आणि पेशंट म्हणतो स्ट्रेच कमी पडतंय म्हणून दुखतंय, अजून ओढतो. हे बरं व्हायला महिने लागतात.

शीर्षासनात डोळ्यातला दाब बराच वाढतो, जवळपास दुप्पट होतो. काचबिंदू असणाऱ्यांनी ते टाळायलाच हवं, पण किती क्लासमध्ये आधी विचारतात? आणि ध्यानवाल्यांनी खूश होऊ नये. ज्यांना आधीपासून मानसिक आजार आहे त्यांना लांबलचक मौन शिबिरात त्रास होऊ शकतो, तिथे डॉक्टरांना विचारूनच जावं. प्राणायामाबद्दल तर हठयोगप्रदीपिकेतच लिहिलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे तसाच प्राण, नाहीतर साधकाचाच घात.

स्टाइल कुठलीही घ्या, मी एकच गोष्ट बघायला सांगते. तुम्हाला एखादं आसन जमलं नाही की शिक्षक काय करतात? वीट देतात, दाबून बसवतात, की दुर्लक्ष करतात? दाबून बसवत असतील तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

डंबेलवाले

ताई, हे जिमच्या ट्रेनरलाही तंतोतंत लागू आहे. +१

झोप_उडालेली

सगळ्यांचं वाचलं, डोकं गरगरलं. माझं वय अठ्ठेचाळीस, दिवसभर खुर्चीत, गुडघे आवाज करतात, रात्री दोनला जाग येते ती येतेच. अध्यात्माचं माहीत नाही, नकोच असंही नाही. काय करू?

वक्रासन

तुमचं खरं दुखणं झोप आहे. सत्यानंद पद्धतीचा वर्ग बघा, योगनिद्रा आणि साधा प्राणायाम, आणि दम वाढवायला रोज चालायला जा. दोन कामं, दोन साधनं. गुडघ्यांसाठी विन्यासाच्या वाटेला आत्ता जाऊ नका.

स्थिरसुख

अजिबात नको. दिवसभर खुर्चीत आखडलेलं शरीर घेऊन आडवं पडून योगनिद्रा करणार म्हणजे पाच मिनिटांत घोरणार, आणि रात्री दोनला परत टक्क जाग्या. आधी अय्यंगार पद्धतीचा नवशिक्यांचा वर्ग, उभी आसनं, नितंब आणि मांड्या मोकळ्या होऊ द्या, शेवटी विपरीत करणी, पाय भिंतीला आणि कंबरेखाली लोड. पुढचं पुढे बघू.

मौनी

दोनला जाग आली की उठून बसा. तेवढा वेळ तुमचाच आहे, कोणी फोन करणार नाही.

सांधेजोड

मौनी, मध्यरात्री रोज उठून ध्यान करायला सांगून तुम्ही त्यांची उरलीसुरली झोपही घालवाल. @झोप_उडालेली, गुडघे नुसते आवाज करतायत की दुखतात? सुजतात का? जिने उतरताना दुखत असेल तर आधी दाखवून घ्या. नुसताच आवाज असेल तर फार घाबरू नका, आणि वज्रासनात बसताना पोटरी आणि मांडीच्या मध्ये घडी घातलेलं ब्लँकेट ठेवा. झोपेचं दोन-तीन आठवड्यांत काही हललं नाही तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

झोप_उडालेली

उतरताना दुखतात, सूज नाही. अय्यंगारचा क्लास ऑफिसच्या वाटेवर आहे, सत्यानंदचा लांब आहे.

स्थिरसुख

झालं की मग!

वक्रासन

वाटेवर आहे म्हणून निवड करणार असाल तर मी एवढा धागा कशाला काढला...