अनुभव धागा : बेळगाव सीमाभागातील आमचे कडक गुरुजी, सर आणि बाई

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांच्या आठवणीत एक तरी शिक्षक असा असतो की ज्यांचा विषय निघाला की आजही माणूस सावरून बसतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि इथल्या मराठी शाळांतील शिक्षकांवर दुहेरी भार आला. मुलांना मराठीतून नीट शिकवायचे आणि त्याच वेळी राज्याच्या कन्नड कारभारात ती कुठे अडणार नाहीत, याचीही काळजी वाहायची. त्यांचा धाक या भारापासून वेगळा काढता येत नाही, असे माझे मत आहे. म्हणूनच हा धागा काढला आहे. शिक्षकांची व शाळांची नावे लिहू नयेत. पण "फार कडक होते" एवढ्यावर न थांबता त्यांनी काय शिकवले आणि कसे शिकवले, हे मात्र सविस्तर लिहावे, ही विनंती.

निपाणी, निवृत्त बँक कर्मचारी

साठच्या दशकातील माझी प्राथमिक शाळा तंबाखूच्या वखारींच्या मागल्या अंगाला होती आणि वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या आया विड्या वळायला जात. आमच्या गुरुजींकडे चिंचेचा फोक असे, तो ते क्वचितच उचलत. त्यांचा धाक होता तो पाढ्यांचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (साडेतीनचा पाढा) हे अपूर्णांकांचे सगळे पाढे चौथीच्या आत तोंडपाठ झालेच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. ते वर्गात फेऱ्या मारत मध्येच एखाद्यासमोर थांबत, "औटकीतले सात" एवढेच म्हणत, आणि त्यांचे पाऊल पुढे पडण्याआधी "साडेचोवीस" हे उत्तर यावे लागे. न आल्यास तो मुलगा उभा राही आणि साऱ्या वर्गाला तो पाढा पहिल्यापासून म्हणावा लागे, त्यामुळे एकाच्या चुकीचा ताप सर्वांना होई.

या घोकंपट्टीचा उपयोग काय, हे मला एका शनिवारी घरीच कळले. विड्यांची मजुरी हजारावर ठरते. आईने आठवड्यात साडेतीन हजार विड्या दिल्या होत्या, त्यातून छाट, म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या, वजा होऊन हातात आलेले पैसे तिला कमी वाटत होते, पण हिशोब मांडता येत नव्हता. हजारी दराची औट मी तोंडी सांगितली, छाटीचे पैसे वजा केले आणि रक्कम खरोखरच कमी भरली. सोमवारी आई ते बोलली आणि तिला फरक मिळाला. गुरुजी वर्गात उदाहरणे घालत ती नेमकी हजारी दराचीच का असत, हे मला त्या दिवशी उमगले. त्यांनी तसे बोलून कधी दाखवले नाही.

खानापूर तालुका, सध्या पुणे

आमचे भूगोलाचे सर वर्गात आले की पावसाचा पत्र्यावरचा आवाजसुद्धा कमी झाल्यासारखा वाटे. नकाशा हाताने काढायचा, कागद ठेवून गिरवायचा नाही आणि खोडरबर वापरायचा नाही, हे त्यांचे नियम होते. रेघ चुकली तर नवे पान घ्यायचे आणि चुकलेले पान वहीत तसेच राहू द्यायचे. वही पालकांना दाखवताना आम्हाला त्या पानांची लाज वाटे आणि त्यांना नेमके तेच हवे असे.

आमचा तालुका घाटमाथ्यावरचा आहे, हे त्यांनी पुस्तकातून शिकवले नाही. एका उघडिपीच्या दिवशी त्यांनी आम्हाला अंगणात नेले, तांबड्या मातीचा लांबट उंचवटा करायला लावला आणि त्याच्या माथ्यावर तांब्याने सावकाश पाणी ओतले. पाण्याच्या दोन धारा झाल्या. एक पूर्वेकडे गेली, एक पश्चिमेकडे. "ही मलप्रभा आणि ही म्हादई," ते म्हणाले. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते, म्हणजे ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. म्हादई भीमगडच्या रानात उगम पावते, गोव्यात तिला मांडवी म्हणतात आणि ती पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. नंतर त्यांनी एकेका मुलाला उभे करून विचारले, "तुझ्या घराच्या पागोळ्यांचे पाणी कोणत्या समुद्राला जाते?" ज्याला सांगता आले नाही त्याने घरी जाऊन ओढ्याच्या काठाने चालत बघून यायचे होते. आम्ही खरोखर चालत गेलो. पुढे मी पाटबंधारे क्षेत्रात नोकरी केली आणि पाणलोटाची कितीतरी महागडी प्रतिमाने पाहिली, पण त्या मातीच्या उंचवट्याइतके स्पष्ट मला दुसरे काही वाटले नाही.

वडगाव, बेळगाव, परिचारिका

मला लिहायचे आहे ते आमच्या कन्नड शिकवणाऱ्या बाईंबद्दल. आमच्या गल्लीत हातमाग होते आणि विणकरांच्या घरांत दोन्ही भाषा बोलल्या जात, त्यामुळे कन्नड कानावर होती, पण लिहिताना आमची भंबेरी उडे. त्यात ऐंशीच्या दशकात भाषेवरून शहर तापलेले असे, मोठी माणसे घरात जे बोलत ते मुले वर्गात बोलत आणि या विषयाकडे पाठ फिरवणे म्हणजे मराठीवरचे प्रेम अशी काहींची समजूत झाली होती. बाईंची मातृभाषा कन्नड होती. त्या या वादावर वर्गात एक शब्दही बोलल्या नाहीत. आल्या की फळ्यावर कागुणित, म्हणजे कन्नड बाराखडी, लिहायला घेत आणि आमच्याकडून ती अक्षरे पाटीवर घटवून घेत.

कन्नडमध्ये ए आणि ओ या स्वरांची ह्रस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत, मराठी मुलाला तो फरक आधी ऐकूच येत नाही. बाई एकेकाला पुढे बोलावून शब्द उच्चारायला लावत, चुकले की "मत्त", म्हणजे पुन्हा, आणि बरोबर येईपर्यंत तास संपला तरी सोडत नसत. मधल्या सुट्टीचा डबा त्यांच्या टेबलाशी उभे राहून खाल्लेल्या मुली या शहरात पुष्कळ असतील. आज मी ज्या रुग्णालयात काम करते तिथे खेड्यांतून येणाऱ्या मराठी बायका कन्नड अर्ज हातात घेऊन माझ्याकडे येतात आणि मी तो न अडखळता भरून देते. बाईंनी आमचे मराठीपण तसूभरही कमी केले नाही. आम्हाला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढे मात्र पाहिले.

चिकोडी तालुका, शेतकरी

वरील अनुभव वाचून आनंद झाला, पण माझी आठवण तशी नाही. आमच्या वर्गातील एक मुलगा पहाटे उसाला पाणी पाजून शाळेत येई आणि त्याला उशीर होई. एका शिक्षकांनी त्याला सर्वांदेखत इतके मारले की त्याने शाळाच सोडली. अभ्यासात तो माझ्यापेक्षा हुशार होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली, ती फार उशिरा आली असे मी म्हणेन. धाक आणि मार यांची गल्लत या धाग्यावर होऊ नये, म्हणून हे लिहिले.

धागाकर्ता

चिकोडीच्या अनुभवाबद्दल मनापासून आभार. अशा आठवणीही इथे याव्यात. त्या मुलाबद्दल वाचून फार वाईट वाटले.

टिळकवाडी, बेळगाव

आमच्या मराठीच्या बाई वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगत की दहावीच्या ६२५ गुणांपैकी १२५ गुण प्रथम भाषेचे आहेत, तेव्हा "मराठी काय, येतेच" असे म्हणणाऱ्याने वर्गात बसू नये. निबंधातील प्रत्येक ह्रस्वदीर्घाची चूक त्या लाल शाईने दाखवत आणि सगळा निबंध पुन्हा लिहून घेत.

बेळगाव तालुका, अभियंता

नव्वदच्या दशकात आमच्या हायस्कुलात मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले तरी हाती पडत नसत. कन्नड पुस्तक मात्र आलेले असे. आमचे विज्ञानाचे सर ते घरी नेत, रात्री बसून एकेक धडा मराठीत उतरवत आणि सकाळी फळ्यावर लिहून देत. कार्बन लावून काढलेल्या त्यांच्या प्रती वर्गात फिरत, आकृत्या ते स्वतः पेन्सिलीने काढत. हे सारे पाहिल्यावर गृहपाठ न करता वर्गात जायची कुणाचीच छाती होत नसे. दहावीची मुले परीक्षेआधी रात्री शाळेतच अभ्यासाला असत, सर कंदील घेऊन वर्गावर्गातून हिंडत, आणि जे घरी राहत त्यांच्या गल्लीतून पहाटे जाऊन कुणाच्या खिडकीत दिवा लागला आहे ते पाहून येत. दिवा नसेल तर त्या दारावर थाप पडे आणि घरातील सगळे जागे होत. वडील मंडळी याबद्दल कधी तक्रार करत नसत. उलट चहा टाकत.

खानापूर तालुका, शिक्षिका

वर उल्लेख झालेल्या विज्ञानाच्या सरांसारखेच काम आमच्या भागातही काही शिक्षकांनी केले आहे. मी आज मराठी शाळेत शिकवते आणि त्या वह्यांतील मराठी प्रतिशब्द मला हवे आहेत, कारण मुलांना सहज कळतील असे शब्द त्या शिक्षकांनी वर्गात बोलता बोलता घडवले होते. जुन्या कार्बन प्रती, वह्या किंवा त्यांची पाने कुणाच्या माळ्यावर असतील तर कृपया त्यांची छायाचित्रे काढून इथे टाकावीत. अक्षर पुसट झाले असले तरी चालेल, मी वाचून काढेन.