भाड्याच्या गाडीवर पार्किंगची नोटीस: कंपनीनं परस्पर पैसे भरण्याआधी काय करायचं?

रीडिंगहून, सोमवारी रात्री

नमस्कार मंडळी,

जरा सल्ला हवा आहे. आई-बाबा आले होते. आमच्या छोट्या गाडीत सगळे आणि बाबांचा वॉकर मावेना, म्हणून चार दिवसांसाठी मोठी गाडी भाड्यानं घेऊन वेल्सला गेलो. समुद्राकाठच्या एका खासगी कार पार्कमध्ये मशीनवर पूर्ण दिवसाचे पैसे कार्डानं भरले. मशीननं गाडीचा नंबर विचारला. मागे रांग, पोरगं कडेवर, आणि सवयीनं बोटांनी आमच्या घरच्या गाडीचा नंबर दाबला. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी भाड्याच्या कंपनीनं कार्डावरून ४० पौंड वळते करून घेतले, 'ॲडमिन फी' म्हणून. काल पार्किंगवाल्यांचं पत्र आलं. १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. यजमान म्हणतात, भरून टाक आणि मोकळी हो. पण पैसे भरलेले असताना पुन्हा भरायला माझं मन घेत नाही. कुणाला अनुभव आहे का?

*

कॉव्हेंट्रीहून, मंगळवारी सकाळी

ताई, खासगी नोटीस आहे ना? मग फाडून टाका. तो सरकारी दंड नाही, नुसतं बिल आहे. मी २०११ साली अशा दोन टाकून दिल्या, कुणी दारात आलं नाही.

*

लीड्सहून, मंगळवारी रात्री

ताई, लगेच पैसे भरू नका. आणि दादा, फाडायचा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. आधी तुमचंच घेते.

२०११ साली ते चालून गेलं असेल. २०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टनं इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेत चाकाला क्लॅम्प लावणं बंद केलं, पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानं पार्किंगवाल्यांच्या हाती दुसरं हत्यार दिलं. गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही तरी, नियमाप्रमाणे नोटीस पाठवली असेल तर, नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतात. गाडी भाड्याची असेल तर ती भाड्यानं घेणाऱ्याकडून. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस हा निकाल आला. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट होते, गाडी ५६ मिनिटं जास्त थांबली, आणि ८५ पौंडांची आकारणी कोर्टानं योग्य ठरवली. तेव्हापासून 'ते काही करू शकत नाहीत' हे खरं राहिलेलं नाही. पत्रांकडे दुर्लक्ष केलं तर प्रकरण काउंटी कोर्टात जाऊ शकतं. तिथे निकाल विरुद्ध गेला आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत, तर त्याची नोंद सहा वर्षं क्रेडिट फाइलवर राहते. आपल्यातली कितीतरी मुलं दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलतात. कोर्टाचे कागद जुन्या पत्त्यावर जातात आणि मॉर्गेज मागायला गेल्यावर पोरांना पहिल्यांदा कळतं. माझ्या भाच्याचं अगदी असंच झालं, म्हणून तळमळीनं लिहिते आहे.

आता ताई, तुमचं पाकीट. कागदावर नेमके कुठले शब्द आहेत ते बघा. कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, असते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस'. खासगीवाले लिहितात 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हीचं लघुरूप पीसीएनच, म्हणून घोटाळा होतो. पहिला कायद्यानं बसवलेला दंड आहे, दुसरी करार मोडल्याबद्दलची मागणी. दोघांची वाट निराळी, अपिलाची जागाही निराळी.

तुमची दुसऱ्या प्रकारची आहे. कंपनीनं पैसे न भरता तुमचं नाव कळवलं, हे ४० पौंड गेले तरी तुमच्या फायद्याचं झालं. का ते पुढे सांगते. नाव कळवताना कंपनीनं पार्किंगवाल्यांना कागद द्यायचे असतात: गाडी त्या दिवशी भाड्यावर होती असं सहीचं निवेदन, भाडेकराराची प्रत, आणि पार्किंगची जबाबदारी माझी असं तुम्ही सही करून दिलेल्या निवेदनाची प्रत. ते मिळाल्यावर २१ दिवसांत त्यांनी तुम्हाला नोटीस पोचवायची आणि सोबत या कागदांच्या प्रती जोडायच्या. पाकिटात त्या आहेत का, बघा. नसतील तर त्या कायद्याखाली भाडेकरूकडून, म्हणजे तुमच्याकडून, पैसे मागण्याचा हक्क त्यांना राहत नाही, मग मागायचे तर चालकाकडेच. त्यामुळे हरकत लिहिताना 'मी गाडी लावली' असं लिहू नका. 'गाडी माझ्या नावानं भाड्यावर होती आणि तिच्या पार्किंगचे पैसे भरलेले आहेत' एवढं पुरतं, आणि ते शंभर टक्के खरं आहे.

मुख्य मुद्दा मात्र नंबरचाच ठेवा. बँकेच्या ॲपमधल्या व्यवहाराचं चित्र, भाडेकरार, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, जोडा, म्हणजे मशीनमध्ये गेलेला नंबर तुमच्याच घरचा आहे हे दिसेल. ती गाडी त्या दिवशी रीडिंगला होती याचा काही पुरावा असेल तर उत्तम. पार्किंगवाले ब्रिटिश पार्किंग असोसिएशनचे सभासद असतील तर त्या संस्थेच्या सूचना कामाला येतात. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर नोटीस रद्द करावी, आणि घरातल्या दुसऱ्याच गाडीचा नंबर दाबला गेला असेल पण पैसे भरल्याचं सिद्ध होत असेल तर २० पौंडांपेक्षा जास्त मागू नये. सभासद आहेत का ते पत्राच्या तळाशी लिहिलेलं असतं. त्यांनी हरकत फेटाळली तर पोपलाकडे, म्हणजे खासगी पार्किंगची अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, २८ दिवसांत अपील करता येतं, फुकट. तिथे हरलात तर ६० ची सवलत धरून चालू नका, पण पहिली हरकत १४ दिवसांच्या आत गेली तर सहसा ती सवलत तेवढ्यापुरती जपली जाते. म्हणून आजच लिहा.

आता माझी हकीकत. तीन वर्षांपूर्वी एका गावात कौन्सिलच्या जागेत भाड्याची गाडी लावली होती. तिकीट घेतलं, डॅशबोर्डवर ठेवलं, दार लावताना वाऱ्यानं उलटं पडलं. परत आले तर वायपरखाली पिवळं पाकीट. तिकीट हातात, त्यावर वेळ शिल्लक. मला वाटलं, सावकाश लिहू. महिना गेला. तोवर कौन्सिलनं मालकाला, म्हणजे भाड्याच्या कंपनीला, नोटीस धाडली. कंपनीनं मला न विचारता पूर्ण रक्कम भरली, माझ्या कार्डावरून काढली, वर त्यांची फी. मी तिकिटाचा फोटो कौन्सिलला पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं: रक्कम भरली गेली आहे, प्रकरण बंद. बरोबर असूनही मला बोलायची जागाच उरली नाही. रक्कम फार नव्हती, पण ते दोन ओळींचं पत्र मला कितीतरी दिवस टोचत होतं.

कंपनीला ते भरायची गरजच नव्हती. भाडेकरूनं जबाबदारीच्या निवेदनावर सही केलेली असेल तर कंपनीनं कौन्सिलला तेवढं कळवायचं, मग दंडाची जबाबदारी आणि हरकत घेण्याचा हक्क, दोन्ही भाडेकरूकडे येतात. पण पुष्कळ करारांत 'आम्ही परस्पर भरून तुमच्याकडून वसूल करू' असं कलम असतं आणि आपण किल्ली घेण्याच्या घाईत सही करतो. म्हणून मी आता काउंटरवरच विचारते: नोटीस आली तर तुम्ही पैसे भरता की माझं नाव कळवता? उत्तर काहीही येवो, घरी जाऊन कंपनीला ईमेल टाकते की माझं नाव कळवा, परस्पर भरू नका.

काचेवर पाकीट सापडलं तर मात्र माझ्यासारखा वेळ काढू नका. त्याच दिवशी चारही बाजूंनी फोटो काढा: पाटी, रेघा, मशीन, तिकीट. कौन्सिलची असेल तर १४ दिवसांत दंड निम्मा असतो आणि त्याच मुदतीत वेबसाइटवरून साधी हरकत घेता येते. प्रकरण तिथेच मिटलं तर कंपनीला पत्र जातच नाही, आणि पत्र नाही तर ॲडमिन फीही नाही.

*

स्लाउहून, बुधवारी

काकू, फार उपयोगी माहिती. दोन शंका. ती ४० पौंडांची फी परत मिळते का? आणि माझा भाऊ पाहुणा म्हणून आला होता, गाडी त्याच्या नावावर होती, पत्र थेट भारतात गेलं. पोचलं तेव्हा सवलतीचे दिवस संपलेले.

*

लीड्सहून, बुधवारी रात्री

फी करारात आकड्यासकट लिहिलेली असेल तर नोटीस रद्द झाली तरी ती परत मिळणं अवघड. आकडा करारात नसेल तर लेखी विचारा, आणि कंपनी बीव्हीआरएलएची, म्हणजे गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेची, सभासद असेल तर त्यांच्याकडे तंटा सोडवायची सोय आहे.

पाहुण्यांच्या बाबतीत करारावर पत्रव्यवहारासाठी तुमचा इथला पत्ता आणि ईमेल लिहून घ्या. आणि मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचा कंजेशन चार्ज, डार्टफर्डला थेम्स ओलांडण्याचा टोल कंपनी भरेल म्हणून राहू नका. भाड्याच्या गाडीच्या नंबरवर स्वतः भरा: डार्टफर्डचा दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत, कंजेशन चार्ज प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत.

*

कॉव्हेंट्रीहून, गुरुवारी

काकू, माझा सल्ला मागे घेतो. गेल्या महिन्यात धाकट्यालाही मी हेच सांगितलं होतं, आणि त्यानं नुकतंच घर बदललं आहे. आज फोन करून त्याला जुन्या घरी पत्रं आली आहेत का ते बघायला पाठवतो आहे.

*

रीडिंगहून, पाच आठवड्यांनी

काकू, मंडळी,

पाकिटात तुम्ही सांगितलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती होत्या, म्हणजे तो मुद्दा नव्हताच. पार्किंगवाले असोसिएशनचे सभासद निघाले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बँकेचं चित्र आणि लॉगबुक जोडून त्याच रात्री लिहिलं. आमची गाडी त्या दिवशी सर्व्हिसिंगला होती, गॅरेजची पावती सापडली, तीही जोडली. काल उत्तर आलं: चूक मान्य, १४ दिवसांत २० पौंड भरावेत. आज भरले आणि पावती करारनाम्याला टाचून ठेवली. कंपनीचे ४० मात्र गेले ते गेलेच, करारात तिसऱ्या पानावर आकडा छापलेला होता.

पुढच्या महिन्यात सासूबाई येत आहेत, पुन्हा मोठी गाडी लागणार. या वेळी किल्ली हातात पडली की आधी नंबर प्लेटचा फोटो काढून फोनच्या पहिल्या पानावर ठेवणार आहे.