मदत हवी आहे : टर्बो बसवलेल्या एमएक्स-५ साठी आधी ईसीयू निवडावा की ट्यूनर?

नमस्कार. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मधील मूळ १.६ लिटर इंजिनावर टर्बो बसवण्याचे काम पूर्ण होत आले आहे. टर्बो, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि जास्त क्षमतेचा इंधनपंप जागेवर बसले असून आता घोडे अडले आहे ते ईसीयूपाशी, म्हणजे इंजिनाचे पेट्रोल व ठिणगी सांभाळणाऱ्या संगणकापाशी. पिस्टन व कनेक्टिंग रॉड मूळचेच आहेत आणि ९.४:१ हे कॉम्प्रेशनही टर्बोच्या मानाने चढेच आहे, त्यामुळे बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) ०.६ बारच्या वर नेण्याचा विचार नाही. गाडी रोजच्या वापरातली आहे. ट्रॅकवर ती अधूनमधूनच जाईल.

मूळ ईसीयूला पिगीबॅक (त्याचे सिग्नल वाटेत बदलणारे उपकरण) जोडण्याचा पर्याय मी बाद केला आहे. त्याचे कारण आधीच सांगतो, म्हणजे चर्चा तिकडे वळणार नाही. या इंजिनात हवा मोजण्यासाठी स्प्रिंगवर झुलणारी झडप असते आणि ती किती उघडली यावरून ईसीयू पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. पण बूस्ट चढू लागला की झडप पूर्ण उघडून टेकते आणि त्यापुढे आत शिरलेली हवा ईसीयूच्या लेखी आलेलीच नसते. थ्रॉटलवरही ‘पूर्ण बंद’ आणि ‘पूर्ण उघडा’ एवढेच सांगणारे स्विच आहेत, तर नॉक (मिश्रण आपोआप पेटल्याने होणारा ठोका) ओळखणारा सेन्सर मुळातच नाही. अशा ईसीयूला खोटे सिग्नल देऊन त्याच्याकडून टर्बो सांभाळून घेणे मला पटत नाही. झडप काढून टाकायची आणि मॅनिफोल्डमधील दाब व हवेचे तापमान यांवरून हिशेब करणारा स्वतंत्र ईसीयू लावायचा, एवढे नक्की आहे.

मेगास्क्वर्ट ३, लिंक आणि ईसीयूमास्टरचा इएमयू ब्लॅक हे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. पहिल्या दोघांचे या गाडीच्या मूळ कनेक्टरमध्ये थेट बसणारे प्रकार मिळतात, ही मोठी सोय आहे. तिसऱ्यासाठी जोड-हार्नेस लागेल, पण वाइडबँड सेन्सरचा (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा) कंट्रोलर त्याच्या आतच आहे. माझ्या गरजेची कामे तिघेही करतात. त्यामुळे कागदावरच्या वैशिष्ट्यांची तुलना कितीही वेळ केली तरी निर्णय होत नाही, आणि खरा प्रश्न ट्यूनरचाच, म्हणजे ईसीयूत इंजिनाला साजेसे आकडे भरून देणाऱ्याचाच, आहे असे वाटू लागले आहे.

दोन ट्यूनरांशी बोलणे झाले आहे. पहिल्याकडे हवे त्या आरपीएमवर इंजिनाला भाराखाली धरून ठेवता येईल असा डायनो (इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र) आहे, मात्र तो यांपैकी एकाच कंपनीच्या ईसीयूवर काम करतो आणि काम झाल्यावर त्या आकड्यांच्या फाइलला पासवर्ड लावतो. दुसरा माझ्या लॉगवरून (गाडी चालताना ईसीयूने केलेल्या नोंदींवरून) दुरूनच ट्यून करतो, तिन्ही ईसीयू त्याला चालतात आणि फाइल तो खुली ठेवतो. माझा कल पहिल्याकडे आहे, पण उद्या इंजेक्टर बदलले तर त्यांचा डेड टाइम (सिग्नल मिळाल्यापासून उघडेपर्यंतचा विलंब) सुद्धा मला स्वतः भरता येणार नाही, ही गोष्ट मनाला खटकते. ट्यूनर ज्यावर रोज काम करतो तोच ईसीयू घ्यावा हा नियम अशा अटीपुढेही पाळावा का, आणि काम देण्यापूर्वी ट्यूनरला नेमके काय विचारावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

आपला कल योग्य आहे, फक्त त्याचे कारण थोडे वेगळे मांडतो. पेट्रोलचा तक्ता दुरूनही चांगला बसवता येतो, कारण वाइडबँड सेन्सर प्रत्येक क्षणी लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण) सांगत असतो आणि ट्यूनरस्टुडिओसारखे सॉफ्टवेअर त्यावरून तक्ता आपोआप दुरुस्त करते. इग्निशनला असा साक्षीदार नसतो. टायमिंग (ठिणगीची वेळ) एका अंशाने पुढे नेल्यावर टॉर्क वाढला, तेवढाच राहिला की नॉक सुरू झाला, हे इंजिन भाराखाली धरून, टॉर्क पाहत आणि कान लावूनच कळते. आपल्या इंजिनाचा बोअर ७८ मिमी आहे, म्हणजे नॉकचा आवाज साधारण ७.३ किलोहर्ट्झच्या आसपास येईल. ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवून घ्या आणि ट्यूनर तो खरोखर ऐकतो का, हे आवर्जून विचारा.

पासवर्डच्या बाबतीत मात्र मी आपल्यापेक्षा कडक आहे. काम चालू असेपर्यंत फाइल बंद असण्याला हरकत नाही, पण पैसे चुकते झाल्यावर ती गाडीच्या मालकाला खुली मिळाली पाहिजे, आणि हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे. ट्यूनरचा दुकानदारी हेतू समजू शकतो, तरी इंजिन आपले आहे. त्याला हे मान्य नसेल, तर दुसऱ्याकडून फाइल बनवून घ्या आणि टायमिंगपुरता एखादा डायनो भाड्याने घेऊन तो दूरसंपर्कात असताना काम करा. तसे करणार असाल, तर मेगास्क्वर्ट सोयीचा पडेल.

ट्यूनरकडे कमाल हॉर्सपॉवरचा आलेख मागू नका, तो सगळेच दाखवतात. रात्रभर थंड पडलेली गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांचा लॉग मागा. रोजच्या गाडीचे ट्यूनिंग तिथेच उघडे पडते. आपल्या इंजेक्टरचा डेड टाइम तो बॅटरीच्या व्होल्टेजनुसार भरतो की एकच आकडा टाकून पुढे जातो, हेही विचारा. ७००० आरपीएमला एका सिलिंडरच्या पूर्ण चक्राला, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांना, जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात, पण आयडलिंगला मोठा इंजेक्टर उघडतोच इतका थोडा वेळ की तिथे अर्ध्या मिलिसेकंदाची चूकही गाडी गचके देण्यास पुरते.

एक गोष्ट आपल्या प्रश्नात नाही. हेडच्या मागे कॅमवरून फिरणाऱ्या मूळ सेन्सरवरच टायमिंग ठेवणार आहात का? बूस्टवर चालवायचे तर क्रँकच्या पुलीवर ३६-१ दात्यांचे (३६ पैकी एक दाता गाळलेले) चक्र बसवून घ्यावे, आणि कोणताही ईसीयू असो, पहिल्यांदा सुरू केल्यावर टायमिंग लाइटने ईसीयूतला आकडा आणि पुलीवरची खूण जुळते का, हे पाहिल्याशिवाय बूस्टला हात लावू देऊ नये.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. क्रँकच्या चक्राचा विचार केला नव्हता, तो आता कामात धरतो. पहिल्या ट्यूनरला खुल्या फाइलची अट कळवली आहे. उत्तर नकारार्थी आले, तर मेगास्क्वर्ट ३ मागवीन. तोपर्यंत एक उपप्रश्न : थ्रॉटलवर पोटेन्शिओमीटर (तो नेमका किती उघडला हे सांगणारा सेन्सर) बसवणे आवश्यकच आहे का, की अ‍ॅक्सिलरेटर दाबताना लागणारे जादा पेट्रोल केवळ मॅनिफोल्डमधील दाबाच्या बदलावरून समाधानकारक देता येते? रोजच्या वाहतुकीत असे चालवणाऱ्यांनी कृपया लिहावे.